वेस्नॉथसाठी शरभ, गंडभेरुंड, चकवा आणि गिऱ्हा: आकडे आणि स्प्राइट कुठे चुकतायत?

रानवाट

नमस्कार मंडळी. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' या षट्कोनी घरांच्या पटावर आळीपाळीने खेळायच्या युद्धखेळाच्या 1.18 आवृत्तीसाठी आपल्याकडच्या अद्भुत प्राण्यांचा आणि भुताखेतांचा एक गट तयार होतोय. मल्टिप्लेअरमध्ये खेळता यावा असा हवा आहे. चार युनिट्सवर, म्हणजे पटावरच्या सोंगट्यांवर, गाडी अडली आहे, सध्याचे आकडे असे:

शरभ, लेव्हल 2, किंमत 32, हिटपॉइंट 58, चाल 8, उडतो. ब्लेडचे (धारेचे) 12 चे 3 वार, सोबत चार्ज. शिवाय रीजनरेट, म्हणजे दर खेळीला हिटपॉइंट परत मिळतात. समोर काहीही उभं करा, टिकत नाही.

गंडभेरुंड, लेव्हल 2, पिअर्सचे (टोचणारे) 12 चे 2 वार. दोन तोंडांचा पक्षी आहे हे खेळताना कुठेच जाणवत नाही.

चकवा, लेव्हल 1. समोरच्याला वाट चुकवायची म्हणून त्याला स्लो (चाल आणि जोर अर्धा करणारी शक्ती) दिला होता, मग तो खेळात नुसता 'दुबळं करणारं भूत' झाला. नंतर इव्हेंट लिहून, वार बसला की समोरच्याची चाल शून्य केली. त्याचा काहीच परिणाम दिसत नाही आणि एररही येत नाही.

गिऱ्हा, पाण्यात ओढणारं भूत, लेव्हल 1, सबमर्ज (पाण्याखाली लपणं) दिलं आहे. बहुतेक नकाशांवर तो नुसता बसून राहतो.

स्प्राइटचाही, म्हणजे पटावरच्या छोट्या चित्राचाही, प्रश्न आहेच. शरभाचं चित्र 512 पिक्सेलचं काढून 72 वर आणलं की आठ पायांचा केरसुणीसारखा काहीतरी आकार होतो. गटाचा रंग लावला की कडेला गुलाबी ठिपके राहतात. सुरुवात कुठून करावी?

---

षट्कोन

आधी एक सूचना: खाली टॅगची (युनिटच्या फाइलमधल्या आज्ञांची) नावं देवनागरीत लिहितो आहे, फाइलमध्ये अर्थातच ती रोमनमध्येच जातील.

चारही युनिट्सचं दुखणं एकच आहे. प्राण्याची कथा बाजूला राहिली आहे आणि त्याला मिळतील त्या शक्ती चिकटवल्या आहेत. एका प्राण्याला एकच नियम द्या, आणि तो त्याच्या कथेतला सगळ्यात ठसठशीत भाग असू द्या. बाकीचे आकडे साधे ठेवले तरी चालतं.

शरभापासून सुरू करू. चार्जमुळे दोन्ही बाजूंचं नुकसान दुप्पट होतं, म्हणजे तुमचा शरभ एका वाराला 24 काढतो. सपाटीवरच्या स्पिअरमनला, म्हणजे खेळातल्या साध्या भालाईताला, वार बसण्याची शक्यता 60 टक्के आणि त्याचे हिटपॉइंट 36. तीनपैकी दोन वार बसले की तो मेला. ही शक्यता निघते जवळजवळ 65 टक्के. स्पिअरमन फर्स्टस्ट्राइकने आधी मारतो, त्याचे 7 चे 14 होतात, पण शरभाकडे 58 आहेत आणि पुढच्या खेपेला 8 परत मिळतात. 28 सोन्यात दोन स्पिअरमन येतात आणि ते दोघे मिळूनही याला अडवू शकत नाहीत. उडण्यामुळे डोंगर-पाणीही आड येत नाही. किंमत 32 ची 40 केली तरी हे सुटणार नाही, कारण चूक किमतीत नाहीच.

पुराणांतला शरभ म्हणजे नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेलं रूप. वरचढाला वेसण घालणं हे त्याचं काम. तोच नियम करा. हत्यारावर 'डॅमेज' हा स्पेशल लिहा, मल्टिप्लाय 1.5, ॲक्टिव्ह ऑन ऑफेन्स, आणि फिल्टर ऑपोनंटमध्ये (समोरच्यावरची अट) लेव्हल 2 आणि वर. मूळ वार 8 चे 3 ठेवा. साध्या शिपायावर 8 च राहतील, तोलामोलाच्या शत्रूवर 12 होतील. 9 घेऊ नका, 13.5 सारखे अर्धे आकडे आले की खेळणाऱ्याला हिशेब लागत नाही. चार्ज, रीजनरेट आणि उडणं तिन्ही काढून टाका. मूव्हमेंट टाइप लार्जफूट घ्या, चाल 5. डोंगर-टेकड्यांवर तो आपोआप घट्ट उभा राहील. गडाच्या दारावर कोरलेला प्राणी आहे, म्हणून डिफेन्सच्या टॅगमध्ये कॅसल 40 करा.

इथे एक हमखास फसगत होते. डिफेन्समध्ये लिहिलेला आकडा म्हणजे वार *बसण्याची* शक्यता. 40 लिहिलं की खेळात 60 टक्के बचाव दिसतो. रेझिस्टन्सचंही तसंच: ब्लेड 80 म्हणजे 80 टक्के नुकसान लागतं, म्हणजे 20 टक्के प्रतिकार. बचाव वाढवायचा म्हणून 70 लिहिलं तर युनिट पहिल्याच लढाईत कोसळतं, आणि दोष मात्र हिटपॉइंटवर जातो.

आणखी एक. लेव्हल 2 चं युनिट थेट भरतीला ठेवू नका. लेव्हल 1 चा 'छावा' करा: किंमत 19, हिटपॉइंट 38, वार 6 चे 3, अनुभव 40. लेव्हल 1 च्या शत्रूला मारलं की 8 अनुभव मिळतो, नुसती लढाई झाली की 1. म्हणजे चार बळी आणि आठ चकमकी झाल्या की छाव्याचा शरभ होतो, 48 हिटपॉइंटचा. तेवढी वाट पाहायला लावली तर शरभ पटावर आल्याचं खेळणाऱ्याला अप्रूप वाटेल.

गंडभेरुंडाला 12 चे 2 ऐवजी 6 चे 4 द्या. सरासरी नुकसान तेवढंच, पण वार वाटले गेल्यामुळे निकाल कमी हेलकावे खातो, आणि चोची दोन आहेत हे पटावर मोजता येतं. दोन्ही दिशांना डोळे असलेल्याला कोंडीत कोण पकडणार, म्हणून स्कर्मिशर द्या, म्हणजे शत्रूचा झोन ऑफ कंट्रोल (शेजारून जाणाऱ्याची चाल थांबवणारी घरं) त्याला लागू होत नाही. दुसरी शक्ती देऊ नका.

आता चकवा. तुमचा इव्हेंट चालतोय, पण चुकीच्या वेळी. वार तुमच्या खेळीत बसतो, तेव्हा समोरच्याची चाल शून्य होते. त्याची खेळी सुरू झाली की इंजिन सगळ्यांची चाल पुन्हा भरून देतं, आणि तुमचा शून्य पुसला जातो. हंगामी चाल बदलून उपयोग नाही, कमाल चाल बदला. 'ॲटॅकर हिट्स' इव्हेंटमध्ये ऑब्जेक्ट (युनिटला चिकटणारा बदल) द्या, ड्युरेशन 'टर्न एंड', त्यात इफेक्ट: अप्लाय टू मूव्हमेंट, सेट 2. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

ड्युरेशन नुसतं 'टर्न' लिहिलंत तर त्याची खेळी सुरू होतानाच परिणाम संपतो, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. 'सेट'च्या जागी 'इन्क्रीज −2' लिहिलंत तर तीन वारांत −6 होऊन शिपाई जागीच खिळतो. सेट 2 मध्ये बेरीज होत नाही, आणि 8 चालीचा घोडेस्वार असो की 5 चालीचा पायदळी, दोघंही त्याच शेताला फेऱ्या मारत बसतात. चकवा लागणं म्हणजे तरी दुसरं काय? ऑब्जेक्टला आयडी देऊ नका, दिलात तर अख्ख्या सामन्यात तो एकदाच लागू होतो. इव्हेंटवर 'फर्स्ट टाइम ओन्ली नो' लिहा, नाहीतर तोही एकदाच चालेल. आणि शत्रूने चकव्यावर हल्ला केला तरी वाट चुकायला हवी असेल तर तोच मजकूर 'डिफेंडर हिट्स'साठी पुन्हा लिहावा लागतो, तिथे फिल्टरची जागा उलटी होते: चकवा 'फिल्टर सेकंड'मध्ये जातो.

चकव्याला लेव्हल 0 करा. लेव्हल 0 ला झोन ऑफ कंट्रोल नसतो, दर खेळीला पोसण्याचा खर्चही लागत नाही. किंमत 11, हिटपॉइंट 16, केऑटिक (रात्री जोर वाढणारा, दिवसा घटणारा), एकच वार. तो मारणारा नाही, फिरवणारा आहे.

स्लो फेकून देऊ नका, ते गिऱ्ह्याला द्या. पाण्यात पाय धरून ओढणाऱ्याला तेच शोभतं, चालही अर्धी आणि जोरही अर्धा. सबमर्ज फक्त खोल पाण्यात चालतं, म्हणून तो बसून राहतो. त्याऐवजी स्वतःचा 'हाइड्स' (लपण्याची शक्ती) लिहा: फिल्टर लोकेशनमध्ये उथळ पाणी आणि दलदल, शिवाय टाइम ऑफ डे केऑटिक. म्हणजे रात्री ओढ्यात दिसत नाही, दिवसा दिसतो. वेळेची अट काढली तर नदीच्या नकाशांवर हा गट कधीच हरणार नाही. मूव्हमेंट टाइप स्विमर, जमिनीवर 30 टक्के बचाव. काठावर आणला की मरायला हवा.

---

बारीकठिपका

स्प्राइटबद्दल.

मोठं चित्र लहान करणं सोडा. 72 बाय 72 च्या कॅनव्हासवर, पेन्सिलने, एकेक ठिपका ठेवूनच काढावं लागतं. आकार लहान करताना सॉफ्टवेअर शेजारचे रंग मिसळतं. त्यातून रेषाही मऊ पडतात आणि तुमचे गुलाबी ठिपकेही तिथूनच येतात.

गटाचा रंग कसा लागतो ते नीट पाहा. वेस्नॉथ चित्रात मॅजेंटाच्या ठरलेल्या 19 छटा शोधतं आणि तेवढ्याच बदलतं. मुख्य छटा लाल 244, हिरवा 154, निळा 193. सगळ्यात गडद 63, 0, 22. सगळ्यात फिकट 253, 233, 241. ठिपक्याचा रंग यादीतल्या छटेशी तंतोतंत जुळला तरच तो बदलतो. 244, 155, 193 असा एका अंकाने हुकलेला ठिपका गुलाबीच राहणार. म्हणून मॅजेंटाचा भाग ब्रशने कधीच रंगवू नका, या 19 रंगांची पॅलेट करून पेन्सिलने भरा, कडा मऊ करणारं अँटी-एलियासिंग बंद. सगळ्या अंगाला गटाचा रंग लागत नाही. शरभाला गळ्यातला पट्टा आणि पाठीवरची झूल एवढा पुरे.

आठ पाय काढू नका. ग्रंथांत शरभ अष्टपाद आहे, पण आपल्या गडांच्या दारांवरचा शरभ बहुतेक ठिकाणी चारच पायांचा, वाघ-सिंहासारखा असतो. 72 पिक्सेलमध्ये आठ पाय म्हणजे एका पायाला दोन-तीन ठिपके, मग केरसुणीच होणार. ओळख पटते ती इतर गोष्टींतून: पाठीवर वळलेली शेपटी, बटबटीत डोळे, वासलेला जबडा आणि शरीराच्या मानाने मोठे पंजे. पंजा चक्क डोक्याएवढा काढा. सगळं चित्र काळ्या रंगाने भरून शंभर टक्क्यांवर बघा. नुसत्या सावलीवरून वाघ आणि शरभ वेगळे ओळखू आले तरच पुढे रंग भरायला घ्या. वाघच वाटला तर शेपटी अजून वर न्या, पाय आखूड करा.

जंजिऱ्याच्या दारावरच्या शिल्पात पंजांत हत्ती धरलेत, ते स्प्राइटमध्ये घालायचा मोह होईल. 10 ठिपक्यांचा हत्ती म्हणजे राखाडी गोळा. हत्ती पोर्ट्रेटमध्ये घाला, तिथे जागा आहे.

तोंड उजवीकडे ठेवा, डावीकडे वळताना इंजिन चित्र आरशासारखं उलटवतं. प्राणी मोठा हवा असेल तर कॅनव्हास 100 बाय 100 केला तरी चालतो, चित्र षट्कोनाच्या मध्यावर बसतं. पण मग पाय खाली सरकतात आणि शरभ शेजारच्या घरात उभा असल्यासारखा दिसतो. स्पिअरमनचं चित्र खाली वेगळ्या थरावर ठेवून पावलं त्याच ओळीत आणा.

हल्ल्याच्या ॲनिमेशनमध्ये वेळेचा शून्य म्हणजे वार बसण्याचा क्षण. सुरुवात −300 मिलिसेकंदांपासून करा, दबा, झेप, पंजा अशा तीन फ्रेम 100-100 च्या, मग मागे येण्याच्या दोन. पंजा उघडलेली फ्रेम शून्याच्या नंतर गेली तर शत्रू आधी विव्हळतो आणि पंजा मागून पोचतो.

चकव्याला अर्धपारदर्शक करू नका. सावली वगळता पारदर्शक अंग हिरव्या जंगलावर दिसतच नाही. घन रंगात काढा, पण पावलं गाळा, कमरेखाली धूसर ठिपके विरळ करत न्या.

---

तळकोकण

आकड्यांवर बोलणं झालंच आहे, नावांवर थोडं.

शरभ आणि गंडभेरुंड एकाच गटात भरती होणं जाणकाराला खटकेल. एका परंपरेत शरभाने नरसिंहाला शांत केलं, तर वैष्णव परंपरेत नरसिंहाने गंडभेरुंडाचं रूप घेऊन शरभाला तोंड दिलं. म्हणजे हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी. गंडभेरुंड विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर आहे, म्हैसूरच्या वोडेयारांचं ते चिन्ह होतं आणि आज कर्नाटकाच्या राजचिन्हातही आहे. त्याला घाटाखालच्या भुतांत बसवण्यापेक्षा समोरचा दाक्षिणात्य गट करून त्याचा मानकरी करा. तुमच्या गटातली रिकामी जागा मकराने भरा: मगरीचा जबडा, हत्तीची सोंड, माशाची शेपूट. पाण्यातलं दणकट युनिट म्हणून तो गिऱ्ह्याला जोडीदार होतो. गिऱ्हा लपतो, मकर रोखून धरतो.

भूत आणि दैवत यांत गल्लत होऊ देऊ नका. चकवा, गिऱ्हा, मुंजा, हडळ, खवीस यांना भरतीच्या यादीत टाकायला कोणाची हरकत नसावी. वेताळाचं तसं नाही. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा जागृत ग्रामदैवत आहे, लोक त्याला मोठाल्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. साती आसराही विहिरी-नद्यांवर पुजल्या जातात. यांना 17 सोन्याला विकत घेऊन मरायला पाठवणं बरं दिसत नाही. देवचाराचंही तसंच, तो गावाचा राखणदार आहे, रात्रीच्या वाटसरूला सोबत करणारा. हे हवेच असतील तर नकाशावरची जागा म्हणून आणा. उदाहरणार्थ, गावाच्या सीमेवर राखणदाराचं ठिकाण, तिथे थांबलेल्या कुठल्याही बाजूच्या युनिटवर चकव्याचा परिणाम होत नाही. कथेलाही धरून आहे आणि चकव्याला उतारा मिळतो.

मुंजा घेणार असाल तर तो पिंपळावरचा. सरसकट ॲम्बुश दिलं तर तो कुठल्याही जंगलात लपेल, ते चूक. नकाशावर ठरावीक झाडं ठेवा आणि तेवढ्या भूभागालाच फिल्टर लावा. चित्रात संजाब राखलेलं डोकं, शेंडी आणि लंगोटी, एवढ्यावर मराठी माणूस ओळखेल.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. 'टर्न एंड' आणि सेट 2 केल्यावर चकवा चालला, शत्रूची घोडेस्वारांची तुकडी खरोखर दोन घरांत घुटमळते. गंडभेरुंड दुसऱ्या गटात हलवतो आहे.

दोन गोष्टी अजून अडल्यात. एक, चकव्याला विष चढतंय आणि त्याच्या नावापुढे 'स्ट्राँग' असा गुण येतोय. दुसरं, संगणक प्रतिस्पर्धी असला की तो गिऱ्ह्याची भरतीच करत नाही.

---

उंबरठा

चकव्यासाठी नवी रेस (युनिटची जात) लिहिलेली दिसते. नव्या रेसला स्ट्राँग, क्विक, रेझिलिअंट, इंटेलिजंट हे सार्वत्रिक गुण आपोआप लागू होतात. रेसमध्ये 'इग्नोर ग्लोबल ट्रेट्स येस' आणि 'नम ट्रेट्स 0' लिहा, आणि 'ट्रेट अनडेड' हा मॅक्रो जोडा. विष, ड्रेन आणि प्लेगपासूनचं संरक्षण त्या गुणातून मिळतं, नुसत्या नावातून नाही.

गिऱ्ह्याच्या फाइलमध्ये 'यूसेज' ही ओळ आहे का बघा. संगणक भरती करताना फायटर, स्काउट, आर्चर, हीलर, मिक्स्ड फायटर हे प्रकार बघतो. 'मिक्स्ड फायटर' लिहा. तरीही कोरड्या नकाशावर तो गिऱ्ह्याला मागेच ठेवेल, आणि ते बरोबरच आहे.

षट्कोन यांच्या शरभात एक भोक आहे. मल्टिप्लेअरमध्ये नेते बहुधा लेव्हल 2 चेच असतात. 'लेव्हल 2 आणि वर' असा फिल्टर ठेवला तर शरभ मुख्यतः नेता मारण्याचं हत्यार होईल: 12 चे 3, किल्ल्यातून किल्ल्यात. फिल्टर ऑपोनंटमध्ये 'कॅन रिक्रूट नो' (भरती करणारे नेते वगळून) अशी एक ओळ घाला.

---

षट्कोन

हे बरोबर आहे, माझ्याकडून नेत्यांचा विचार सुटला. ती ओळ घालाच. पण मग बोनस क्वचितच मिळेल, त्यामुळे मूळ वार 8 चे 9 करायचा मोह होईल, तो आवरा. छाव्याची किंमत 19 ची 18 करून बघा.

---

उंबरठा

तपासणी कशी करायची तेही सांगतो. फाइल बदलल्यावर मुख्य पडद्यावर एफ 5 दाबा, गेम बंद करून उघडायची गरज नाही. सामन्यात अपूर्णविराम दाबून 'डीबग' लिहा, मग 'क्रिएट' आणि युनिटचा आयडी, म्हणजे कर्सरखाली तो प्रकट होतो. वेस्नॉथचा दिवस सहा खेळ्यांचा आहे: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचे दोन प्रहर. एकच लढाई सहाही वेळांना करून बघा. केऑटिक चकव्याचे 6 रात्री 7.5 होतात. अर्धा आला की इंजिन मूळ आकड्याच्या दिशेने वळवतं, म्हणजे 7. 8 दिलेत तर रात्री 10 आणि दिवसा 6, हिशेब स्वच्छ बसतो.

सगळ्या आयडींना गटाचा एक उपसर्ग लावा आणि ते साध्या रोमन अक्षरांत ठेवा. दुसऱ्या कोणाच्या ॲड-ऑनमध्ये त्याच आयडीचं युनिट असलं तर दोन्ही एकत्र चालू असताना एकाची व्याख्या दुसऱ्यावर बसते. पटावर शरभ म्हणून भलताच प्राणी उभा राहतो.

---

बारीकठिपका

मकर काढताना सोंड वर वळलेली ठेवा आणि जबड्याच्या पुढे निदान 6 ठिपके येऊ द्या. सोंड खाली सोडली तर पाण्याच्या रेषेत बुडते आणि उरते नुसती मगर. पाण्यातल्या युनिटचा खालचा भाग इंजिन स्वतःच फिकट करतं, म्हणून शेपूटही आडवी न काढता मागून वर उचललेली काढा.